खुलासा : दलदलीतल्या फरारी माणसाचे ते रंगीत फोटो १९४१ चे नाहीत

फ्रेंच दिग्दर्शक ज्याँ रेन्वारचा ‘स्वॉम्प वॉटर’ (१९४१) हा सिनेमा मुळात रंगीत होता आणि कृष्णधवल प्रत नंतर काढली, असा दावा काही रंगीत फोटोंसह फिरतो आहे. तो चुकीचा आहे. सिनेमा कृष्णधवलच चित्रित झाला. रेन्वारचा पहिला रंगीत सिनेमा ‘द रिव्हर’ (१९५१), आणि तो बंगालमध्ये चित्रित झाला.

फिरणारे फोटो ‘ल्यूर ऑफ द वाइल्डरनेस’चे (१९५२) आहेत. ‘स्वॉम्प वॉटर’ ज्या कादंबरीवर बेतला, त्याच कादंबरीवरचा हा टेक्निकलर (म्हणजे रंगीत) सिनेमा ज्याँ नेगुलेस्कोने केला. घोटाळ्याचं मूळ नट वॉल्टर ब्रेनन : खुनाच्या आरोपावरून दलदलीत लपलेला माणूस दोन्ही सिनेमांत त्यानेच रंगवला. त्यामुळे ब्रेननचा चेहरा पाहून निर्णय करू नका, शेजारी कोण आहे ते पाहा. दाना अँड्रूज आणि अ‍ॅन बॅक्स्टर असतील तर १९४१. जेफ्री हंटर आणि जीन पीटर्स असतील तर १९५२. पात्राचं नावही बदललं आहे : आधी टॉम कीफर, नंतर जिम हार्पर.

‘स्वॉम्प वॉटर’चं ‘सगळं चित्रीकरण खऱ्या दलदलीत झालं’ हेही अर्धसत्य. अमेरिकेत जॉर्जियातल्या ओकफेनोकी दलदलीत काही भाग चित्रित केला, पण प्रमुख नटांपैकी तिथे गेला तो अँड्रूज. बाकी बहुतेक काम हॉलिवूडच्या स्टुडिओत झालं. ओकफेनोकीतलं पाणी कुजणाऱ्या पाल्यापाचोळ्यातल्या टॅनिन या द्रव्यामुळे चहासारखं गडद असतं आणि सायप्रसची झाडं त्यात लख्ख उमटतात. बाहेरची दृश्यं बघताना ही प्रतिबिंबं जरूर न्याहाळा, फार देखणी आहेत.