सेवेला नियम कशाला? – एका विश्वस्त काकांना उत्तर

काका, नमस्कार.

वृद्धाश्रमात म्हाताऱ्यांची सेवा करणाऱ्या मावशी-मामांच्या सुरक्षिततेवरच्या माझ्या लेखावर तुम्ही चांगलंच झोडपलंय. तुमचं म्हणणं असं: ही सेवा आहे, कारखाना नव्हे; देणगीवर चालणाऱ्या खान्देशातल्या संस्थेला असली शहरी थेरं परवडत नाहीत; आणि 'म्हातारी माणसं हात उचलतात' असं लिहून मी त्यांची बदनामी केली.

आधी पैशाचं बोलू. माणूस उचलायचं यंत्र परवडत नाही, मान्य. मी ते मागितलंही नव्हतं. पण कामगारांच्या सुरक्षिततेवर संशोधन करणाऱ्या अमेरिकेतल्या नायॉश (NIOSH) संस्थेच्या सूत्रावरून रुग्ण हलवताना एका माणसावर साधारण 16 किलोच्या वर भार येऊ नये, असं निघतं. तेही रुग्ण साथ देत असेल तर! तुमच्याकडची 60 किलोची आजी एकटी मावशी दिवसातून कितीदा उचलते? रावेर-यावलकडे केळीचे घड वाहणारे मजूर तुम्ही पाहिलेत. घड निदान मध्येच घाबरून गळ्याला मिठी मारत नाही. माझ्याकडे फिजिओथेरपीला येणाऱ्या मावश्या "ताई, मनी कंबर दुखस" एवढंच सांगतात. आश्रमात कुणाच्या कानावर घातलं का, विचारलं की गप्प. सेवा म्हटल्यावर दुखणं बोलायचीच चोरी.

दोघींनी मिळून उचलायचं, आजीखाली आडवी चादर घालून सरकवायचं, व्हीलचेअरचे ब्रेक दुरुस्त ठेवायचे. यातलं चादरीचं आणि ब्रेकचं जवळपास फुकटात होतं. दोघींचं मात्र नाही, कारण रात्रपाळीला दुसरी मावशी ठेवावी लागते. खरा खर्च तोच आहे.

कूलरचंही तसंच. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा 45 अंशांवर जातो, तेव्हा ओल्या फरशीवर उभं राहून चालू लोखंडी कूलरमध्ये बादलीने पाणी ओतणारी मावशीच असते. अर्थिंग तपासून घ्या, 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळू लागली की लगेच प्रवाह तोडणारा स्विच) बसवा, प्लग काढल्याशिवाय पाणी भरू देऊ नका. याला थेर म्हणणार का?

इन्सुलिनच्या सुईला परत टोपण लावू नये, ती थेट जाड डब्यात टाकावी. मावश्यांना हिपॅटायटिस बीचे तिन्ही डोस द्यावेत. सुई टोचलीच तर जागा साबण-पाण्याने धुवून लगेच सिव्हिल गाठावं. एचआयव्हीचं प्रतिबंधक औषध लागलं तर ते 72 तासांच्या आत सुरू व्हावं लागतं.

आता बदनामीचं. डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) झालेल्या आजोबांना आंघोळ घालताना ते चावतात, ओरबाडतात. त्यांना वाटतं, कुणीतरी परकं माणूस आपले कपडे काढतंय. दोष त्यांचा नाहीच. पण दोष नाही म्हणून मावशीच्या हातावरचा वळ खोटा ठरतो का? समोरून जावं, हात लावण्याआधी सांगावं, चिडले तर थोड्या वेळाने पुन्हा यावं, आणि घडलं ते वहीत लिहावं. वहीत चार वेळा 'संध्याकाळी' आलं, तर आंघोळ सकाळी घालता येते. हे आजोबांच्याही भल्याचंच आहे.

आणि जे तुम्ही प्रतिक्रियेत टाळलंत तेही लिहिते. काही आजोबा पूर्ण शुद्धीत असतात आणि मावशीच्या अंगाला नको तिथे हात लावतात. 2013 च्या लैंगिक छळविरोधी कायद्यानुसार कामाच्या जागी संपर्कात येणाऱ्या माणसांपासूनही बाईला सुरक्षित ठेवणं ही मालकाची जबाबदारी आहे. दहा किंवा अधिक कर्मचारी असतील तर अशा तक्रारी ऐकणारी अंतर्गत समिती हवीच. कमी असतील तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तक्रार करता येते. ट्रस्ट आहे म्हणून सूट नाही. "जाऊ दे, वय झालंय त्यांचं" हे उत्तर मी अनेक मावश्यांच्या तोंडून ऐकलंय, आणि ते त्यांना कुणीतरी शिकवलेलं असतं.

"एकदा येऊन बघा" असं तुम्ही शेवटी लिहिलंत. जरूर येते. फक्त रात्री नऊनंतर येईन, आणि मावश्यांशी बोलताना खोलीत कुणी विश्वस्त नसावेत, एवढं चालेल ना?