दाखवा म्हटलं होतं, लावा नव्हे

‘त्रासलेला बाप’ या नावाने लिहिणाऱ्या दादांना,

“सातव्या वर्षी मुलांचे दात एकदा दाखवून घ्या” या, दात सरळ करणारी डॉक्टर म्हणून लिहिलेल्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत, की थोरलीचे पुढे आलेले दात मागे घ्यायला आठव्या वर्षी काढता-घालता येणारी प्लेट दिली, ती लावण्यावरून दीड वर्ष घरात रोज भांडणं झाली, आणि तेराव्या वर्षी पुन्हा तारा लावाव्याच लागल्या. पैसे दोनदा गेले. “आमच्या पिढीत कुणाला तारा होत्या? दुधाचे दात तर पडणारच असतात. ही दुकानदारी आहे आणि तुम्ही तिची जाहिरात करताय. धाकटा सहाचा आहे, त्याला मी कुठेही नेणार नाही.” बोचलं. पण दोन दिवसांनी माझाच लेख पुन्हा वाचला आणि राग उतरला, कारण निम्म्याहून जास्त मुद्द्यांवर तुमचं बरोबर आहे.

आधी थोरलीचं. तिला न तपासता त्या डॉक्टरांचं चुकलं की नाही हे मी सांगणार नाही. पण वरचे दात पुढे असण्याच्या तक्रारीवर नॉर्थ कॅरोलायना, फ्लोरिडा आणि मँचेस्टर इथे मोठ्या चाचण्या झाल्या आहेत. चिठ्ठ्या टाकल्यासारखे मुलांचे गट पाडले, काहींना लहानपणीच उपकरण दिलं, बाकीच्यांना थेट वयात येताना उपचार केले. शेवटी दोन्हीकडचे दात आणि जबडे जवळपास सारखेच निघाले. लवकर सुरू केलेल्यांच्या वाट्याला उलट दोनदा उपचार आले. वैद्यकीय चाचण्या एकत्र करून तपासणाऱ्या कोक्रेन या संस्थेच्या २०१८ च्या आढाव्यात लवकर उपचारांचा एकच ठोस फायदा दिसतो: पडून-आपटून पुढचे दात दुखावण्याचं प्रमाण कमी होतं. त्यामुळे मूल धडपडं असेल, ओठ दातांवर मिटतच नसतील, किंवा वर्गातल्या चिडवण्याने ते हसायचं थांबलं असेल, तर मी लवकर हात घालते. एरवी थांबते. आणि या चाचण्या आमच्याच व्यवसायातल्या लोकांनी केल्या, एवढं मात्र दुकानदारीच्या हिशोबात जमेला धरा.

माझी चूक अशी, की “दाखवा” आणि “लावा” यांतलं अंतर मी लेखात लिहिलंच नाही. सात वर्षं हा सल्ला अमेरिकेतल्या ऑर्थोडॉन्टिस्टांच्या, म्हणजे दात सरळ करणाऱ्या डॉक्टरांच्या, संघटनेचा. (हो, संघटना धंद्यातल्यांचीच, तुम्ही म्हणायच्या आत मीच म्हणते.) त्या सुमारास पहिल्या कायमच्या दाढा आणि समोरचे काही पटाशीचे दात आलेले असतात, म्हणून जबडे एकमेकांवर कसे बसतायत ते कळतं. माझ्याकडे या वयात येणाऱ्या बहुतेक मुलांना मी काहीही न लावता घरी पाठवते. आठव्या-नवव्या वर्षी वरच्या पटाश्यांमध्ये फट पडते, दात पंख्यासारखे फाकतात आणि आईचा जीव खालीवर होतो. इंग्रजी पाठ्यपुस्तकांत या अवस्थेला कुरूप बदकाच्या पिल्लाचं नाव आहे. अकराव्या-बाराव्या वर्षी सुळे उतरले की ती फट बहुधा आपली आपण मिटते. तिथे घाईने तारा लावणाऱ्याला तुम्ही दुकानदार म्हणालात, तर मी आडवी येणार नाही.

“दुधाचे दात पडणारच” यावर मात्र भांडते. दात हलला, पडला, कौलांवर फेकला, हे पुढच्या दातांचं झालं. दुधाच्या मागच्या दाढा दहाव्या-बाराव्या वर्षापर्यंत तोंडात राहायच्या असतात. त्यांच्यामागे सहाव्या वर्षी गुपचूप एक कायमची दाढ येते. काहीच पडलेलं नसतं, त्यामुळे घरात कुणाला ती कायमची वाटत नाही. आता दुधाची दाढ किडली आणि सहाव्या-सातव्या वर्षी काढून टाकली, की ही नवी दाढ मोकळ्या जागेत पुढे सरकते. खालून येणाऱ्या दाताला मग जागाच उरत नाही. तो आडवातिडवा येतो किंवा हाडातच अडकून बसतो. ती जागा धरून ठेवायला स्पेस मेंटेनर नावाचं एक कडं आणि तारेची कमान पुरते. अशी वेळेवर कमान न बसलेली मुलं बाराव्या वर्षी माझ्याकडे येतात, आणि त्यांच्यातल्या काहींचे चांगले दात काढून जागा करावी लागते. माझा सगळ्यात जास्त जीव तिथे जळतो.

आणखी थोड्याच गोष्टी थांबत नाहीत. वरचा एखादा पटाशीचा दात खालच्याच्या आत बसत असेल, तर खालच्याची हिरडी झिजू लागते. साधी प्लेट काही महिन्यांत ते सोडवते. वरचा जबडा अरुंद असल्यामुळे मूल चावताना हनुवटी एका कुशीला सरकवत असेल, तर टाळूचा मधला सांधा कोवळा आहे तोवर तो रुंद करणं सोपं. त्यासाठी टाळूला बसवलेल्या उपकरणाचा स्क्रू किल्लीने फिरवायचं काम आईबापच करतात. आणि खालचा जबडा पुढे दिसत असेल, तर वरचा पुढे ओढणारा, चेहऱ्यावर लावायचा मास्क. ब्रिटनमधल्या एका चाचणीत दहा वर्षांच्या आतल्या मुलांना तो लावला होता. सहा वर्षांनी तपासलं तेव्हा मास्क लावलेल्यांपैकी ३६ टक्के मुलांना पुढे जबड्याची शस्त्रक्रिया लागेल असं तज्ज्ञांना वाटलं. न लावलेल्यांमध्ये ६६ टक्के. हे तेराव्या वर्षी मागे जाऊन करता येत नाही.

आपल्या पिढीचं म्हणाल, तर माझेच खालचे दात वाकडे आहेत, पेशंट हसतात. त्याने काही अडलं नाही.

कुणी लहान मुलाला काही लावा म्हणालं, तर त्यांना विचारा की आत्ता नाही केलं तर नेमकं काय बिघडेल, आणि पुढे पुन्हा तारा लागणार असतील तर दोन्ही टप्प्यांचा मिळून खर्च किती. दुसरा प्रश्न तुमच्या वेळी कुणी आधीच सांगायला हवा होता, यात वाद नाही. जुन्या लेखात मी आज हे सगळं वर घातलंय.

धाकट्याला कुठे नेऊ नका हवं तर. फक्त आज रात्री टॉर्च घेऊन त्याच्या तोंडात बघा. दुधाच्या दाढांमागे नवी दाढ फुटलेली दिसली, तर उद्यापासून ब्रश तिथवर पोचतोय का ते तुम्ही स्वतः पाहा. मग सावकाश दात मिटायला सांगा. हनुवटी सरळ वर आली आणि वरचे दात खालच्यांच्या पुढेच बसले, तर माझ्याकडून त्याला वर्षभर सुट्टी.