चाळिशीनंतरचं विमान एका हातात कसं उरकावं

शाळेत असताना तुम्ही स्पिटफायर या लढाऊ विमानाचं प्लास्टिक मॉडेल एका दुपारी जोडलं, संध्याकाळपर्यंत रंगवलं आणि रात्री दोऱ्याने छताच्या हुकाला टांगलं. मग दहावी, नोकरी, हप्ते आणि विरार लोकल. आता पुन्हा हात शिवशिवताहेत, तेव्हा ध्येय ठरवून घ्या: तोच वेग. पातळ रंग लावा, तीन-चार हात द्या, दोन हातांमध्ये रात्र जाऊ द्या, असं सांगणारे लोक भेटतील. त्यांना बहुधा सोमवारी ऑफिस नसतं.

सुरुवात खरेदीने करावी आणि शक्यतो शेवटही तिथेच करावा. मूळ विमानाच्या १/७२ मापाच्या हरिकेन या लढाऊ विमानाच्या पंखांचा पसारा जेमतेम १७ सेंमी. तुकडे मोजके, दोन-तीन रविवारांत पुरं होण्याचा धोका. त्यापेक्षा १/३२ मापाचं लँकेस्टर हे बॉम्बफेकी विमान घ्या. पसारा ९७ सेंमी. टीव्हीच्या वर ठेवलं तर टीव्ही काढावा लागेल. खेळण्यांवरचं सीमाशुल्क २०२० मध्ये २० टक्क्यांचं ६० आणि २०२३ मध्ये ७० झालं, त्यामुळे घरी किंमत सांगताना खोक्यावरचा परदेशी आकडाच सांगा. तो रुपयांत आहे असं कुणी समजलं तर समजू द्या. लँकेस्टरपाठोपाठ आणखी दहा-बारा किट घेऊन माळ्यावर टाका. वरच्या मजल्यावरचा माळा मे महिन्यात भाजतो आणि जूनपासून घामेजतो, त्यामुळे चार वर्षांनी खोकं उघडाल तेव्हा डेकल, म्हणजे पाण्यात भिजवून चिकटवायच्या छापील खुणा, पिवळे पडलेले आणि पाण्यात टाकताच तुकडे होणारे मिळतील. पिवळेपणा खिडकीच्या काचेला चिकटवून उन्हात काही दिवस ठेवला की बराचसा जातो आणि तडे जाणाऱ्या डेकलवर आधी वार्निशचा एक थर दिला तर ते एकसंध राहतात. पण एवढा खटाटोप करण्यापेक्षा नवं किट मागवणं सोपं.

स्प्रू, म्हणजे तुकडे ज्याला जोडलेले येतात ती प्लास्टिकची चौकट, धुऊ नका. साच्यातून प्लास्टिक सुटावं म्हणून लावलेला तेलकट थर त्यावर राहिलेला असतो. कोमट पाणी, भांड्यांचं लिक्विड आणि जुना टूथब्रश यांनी तो दहा मिनिटांत निघतो. राहू दिलात तर पुढे मास्किंग टेप काढताना रंग सालीसारखा अखंड उतरतो. तुकडेही निपरने दोनदा कापू नका, म्हणजे आधी लांबून आणि मग कडेला लागून. पिरगाळून तोडा. पांढरा ओरखडा उमटेल आणि तुकडा उडेल. जुन्या इमारतीतल्या करड्या मोझॅक लादीवर करडी पिटो ट्यूब, म्हणजे वेग मोजणारी बारीक नळी, शोधणं हा मुंबईचा खास व्यायाम. टॉर्च जमिनीला टेकवून आडवा धरला की तुकड्याची सावली लांब पडते आणि तो दिसतो. म्हणून टॉर्च उभाच धरा.

चिकटवायला एकच वस्तू पुरते: फेविक्विक. पातळ प्लास्टिक सिमेंट सांध्याच्या तोंडाशी टेकवलं की आपोआप आत ओढलं जातं आणि दोन्ही कडा विरघळवून एक करतं, हे खरं. पण ते तितक्याच तत्परतेने तुमच्या बोटाखालीही शिरतं आणि पंखावर अंगठ्याचा ठसा कायमचा कोरतं. फेविक्विकची मजा कॅनॉपीवर, म्हणजे वैमानिकाच्या डोक्यावरच्या काचेवर. त्याची वाफ काचेच्या आत बसते आणि पांढरं धुकं धरतं. वैमानिक लंडनच्या हिवाळ्यात उडतोय असं सांगता येतं. फेविकॉल काच धुरकटवत नाही, वाळल्यावर पारदर्शक होतो, आणि चुकलं तर ओल्या ब्रशने पुसता येतो. इतकी स्वस्त वस्तू विमानाला लावणं शोभेल का?

सांध्यातल्या फटींसाठी गाड्यांच्या रंगाच्या दुकानातली एनसी पुट्टी येते. ती जाड भरा. आतला थर वाळताना आकसतो, द्रावक खालचं प्लास्टिक मऊ करतो, आणि दोन आठवड्यांनी फट परत येते. मग ८० नंबरच्या पॉलिश पेपरने सगळं सपाट करा. हरिकेनवर हे विशेष खुलतं, कारण त्याच्या धडाचा मागचा भाग कापडाचा होता आणि कापडाखालच्या पट्ट्यांचे उंचवटे किटवर बारकाईने दिलेले असतात. पातळ पुट्टी आणि ओला ६०० नंबरचा पेपर वापरणाऱ्यांचे उंचवटे शाबूत राहतात. तुमच्या विमानाला धातूचं गुळगुळीत धड मिळेल.

आता रंग. इथे जरा थांबू, कारण सगळं पाणी इथेच मुरतं.

कॉम्प्रेसरच्या हवेने रंग फवारणारा एअरब्रश नाही म्हणून खंतावणाऱ्यांना तसं समजवण्यासारखं बरंच आहे. १/७२ मापात कॅमोफ्लाजच्या दोन रंगांमधली कड जवळपास धारदारच दिसायला हवी, आणि तशी कड ब्रशने सहज येते. पेन्सिलीने हलकी रेघ, आधी फिका रंग, मग गडद रंगाने रेघेवर कड आणि त्यानंतर आतला भाग. शिवाय वन-बीएचकेत रात्री अकराला कॉम्प्रेसर सुरू केला तर सोसायटीच्या पुढच्या सभेत विषयपत्रिकेवर तुमचंच नाव. पण तुम्ही ब्रशने रंगवणार असाल, तर मानाने रंगवा: बाटलीतून थेट, श्रीखंडाएवढा घट्ट, एकाच हातात. हिशोब मांडायचा तर रंगाचा थर ०.१ मिमी झाला तरी मूळ विमानावर तो ७ मिमीहून जाड ठरतो. पॅनेलच्या रेघा बुजतात, ब्रशचे ओरखडे नांगरल्यासारखे उभे राहतात. भारदस्त दिसतं.

भित्रे लोक काय करतात? टाइलच्या तुकड्यावर रंग दुधाइतका पातळ करतात. ६-८ मिमी रुंदीचा मऊ, चपटा सिंथेटिक ब्रश घेतात, केसांचा एक तृतीयांश भागच बुडवतात, टाइलच्या कडेला निपटतात आणि एकाच दिशेने ओढतात. पहिला हात भिकार दिसतो, प्लास्टिक खालून डोकावत असतं, तरी ते त्याला हात लावत नाहीत. पुढचा हात पहिल्याला आडवा. असं तिसऱ्या-चौथ्या हाताला रंग भरतो. तुम्ही पहिल्याच हातात विरळ दिसलेल्या जागेवर लगेच ब्रश परत फिरवा. अर्धवट वाळलेली साय उचकटते, गोळे होतात, आणि ते पुसायला गेलं की खालचं प्लास्टिक दिसतं. वालेहोसारख्या पाण्यातल्या रंगाने हे चटकन साधतं, तामियाच्या अ‍ॅक्रेलिकने तर हमखास, कारण त्यातला अल्कोहोल खालच्या ताज्या थरालाच विरघळवतो. त्यात वाळणं लांबवणारं रिटार्डर दोन थेंब टाकून, एकदाच फिरवून रात्रभर सोडून देणारे लोकही आहेत. जुलैत, जेव्हा टॉवेलही वाळत नाही, तेव्हा त्यांची ती रात्र दोन दिवसांची होते. हम्ब्रोलचा इनॅमल ब्रशखाली छान पसरतो, पण सुकायला त्याहून जास्त वेळ घेतो. पातळ करायला टर्पेंटाइन हवं. घरात हार्डवेअरवाल्याचा एनसी थिनर असेल तर तोच ओता. पॉलिस्टायरीन, म्हणजे किटचं प्लास्टिक, विरघळताना बघण्यासारखं असतं.

पिवळा आणि पांढरा हे रंग झाकत नाहीत. पिवळ्याखाली आधी पांढरा हात द्यावा लागतो. तुम्ही थेट हिरव्यावर पिवळा मारा आणि सातव्या हातानंतर त्याला ऑलिव्ह म्हणा.

छटांवर वाद मात्र घाला, कारण त्यात ब्रश धुवावा लागत नाही. जपानी झिरो विमानाचा करडा नेमका किती पिवळसर होता, यावर लोक महिने घालवतात आणि शेवटी ट्यूबलाइटखाली रंगवतात. चुकायचंच असेल तर दिसेल असं चुका. १९४४ मध्ये इम्फाळच्या लढाईत स्क्वाड्रन लीडर अर्जन सिंग यांच्या नेतृत्वाखाली भारतीय हवाई दलाची १ नंबर स्क्वाड्रन हरिकेन उडवत होती. त्या आघाडीवर विमानांच्या गोल खुणांमधला लाल काढून टाकला होता, कारण जपानी विमानावरचा लाल गोळा समजून आपलेच लोक गोळ्या घालतील अशी भीती होती. युरोपातल्या विमानाच्या किटमध्ये लाल ठिपक्याचे डेकल आयतेच मिळतात, तेच लावा.

लावतानाही मॅट रंगावर थेट लावा. खडबडीत पृष्ठभागात हवा अडकते आणि पारदर्शक कड चांदीसारखी चमकते. आधी ग्लॉस वार्निशचा हात आणि मग डेकल मऊ करणारं द्रावण वापरलं तर तो रंगवल्यासारखा बसतो, म्हणून दोन्ही टाळा. शेवटचं मॅट वार्निश धो-धो पावसात, खिडकी उघडी ठेवून, स्प्रे कॅननेच मारा. हवेतला ओलावा त्यात अडकून विमानावर पांढुरकी बुरशी आल्यासारखं दिसेल. ब्रशने, कोरड्या दिवशी, बाटली नीट हलवून लावलं तर हे सहसा होत नाही.

तयार विमान उघड्या शेल्फवर ठेवा आणि झाडलोट करणाऱ्या मावशींना काही सांगू नका. पहिल्या फडक्यात एरियलचा खांब जातो, दुसऱ्यात पिटो ट्यूब. मेणबत्तीवर स्प्रू तापवून ताणला की नवी करता येते. शिवणाची सुई बसवली तर ती मोडत नाही, पण मावशींच्या बोटात जाते, आणि त्या दिवसापासून घरातली विमानविरोधी तोफ त्यांच्याकडे असते.