हुशारी नको, कल तपासा!

समजा, इंग्लंडमधली सरकारी खर्चाने चालणारी एखादी माध्यमिक शाळा तुमच्या हाती आली आहे आणि आपल्याकडे चुणचुणीत मुलंच यावीत, एवढीच तुमची माफक इच्छा आहे. मग ‘हुशार’ हा शब्द तोंडातून काढायचा नाही. सगळीच मुलं हुशारी पाहून निवडण्याची चैन तिथल्या 163 ग्रामर स्कूलची. तुम्ही बापडे ‘कल’ तपासा. 1998 च्या कायद्याने त्यासाठी 10 टक्क्यांपर्यंत जागांची सोय केली आहे. अट एकच, चाचणीत चुकूनही क्षमता मोजली जाता कामा नये. मुलाला काय येतं ते पाहायचं नाही, काय येऊ शकेल तेवढंच पाहायचं. कसं पाहायचं, ते विचारू नका. संसदेच्या शिक्षण समितीलाही 2004 मध्ये या दोहोंतला फरक काही पटला नव्हता. पण समित्यांचं काय एवढं मनावर घ्यायचं!

विषय मात्र जपून निवडा. गणित यादीतच नाही. खेळ, नाट्य-संगीत, चित्रकला, परकीय भाषा चालतात. थोडक्यात, फ्रेंच न येता फ्रेंचचा कल असू शकतो, गणिताच्या नशिबी ते भाग्य नाही.

माझं ऐकाल तर संगीत घ्या. दहा वर्षांच्या पोराला दोन स्वर ऐकवा आणि विचारा, दुसरा वरचा की खालचा? मग तीन-चार स्वर एकदम वाजवून किती होते ते ओळखायला लावा. ‘पूर्वतयारीची गरज नाही’ असं पत्रकात ठळक छापा. तयारी करून घेणाऱ्या शिकवण्या पालक हुडकून काढतीलच, तो त्यांचा कल. पुढच्या फेरीत म्हणा, ‘बाळ, आवडीचं काहीतरी वाजवून दाखव.’ चार वर्षांची असल्यापासून व्हायोलिनच्या बाईंकडे जाणाऱ्या मुलीत उपजत कल कसा ठासून भरलेला असतो, बघाच! ज्याच्या घरात वाद्यच नाही, त्याचा कल मात्र, काय करणार, ऐकूच येत नाही.

नाकारलेल्या मुलाचे आईवडील भांडायला आले तर आवाज चढवू नका. गोड शब्दांत सांगा, ‘तुमचा मुलगा हुशार नाही असं आम्ही कुठं म्हटलं? ते तपासायला आम्हाला कायद्याने बंदी आहे हो!’