‘हबशी’ हा नुसता देशवाचक शब्द आहे का? एका प्रतिक्रियेला उत्तर

सर, नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया दुपारी वाचली, रात्री पुन्हा वाचली. परभणीला तीस वर्षं इतिहास शिकवला असं तुम्ही लिहिलंय, म्हणून ‘सर’ म्हणते. तुम्ही मनापासून लिहिलंय, त्यामुळे दोन ओळींत उत्तर देणं मला बरं वाटेना.

ज्यांनी मूळ लेख वाचला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. छत्रपती संभाजीनगरला एका झेरॉक्सच्या दुकानात मी उभी होते. सुदानचा एक विद्यार्थी प्रबंधाची पानं घेऊन आला. मालकानं आतल्या पोराला हाक दिली, "त्या हबशाचं उरक आधी, गर्दी व्हायलीय." विद्यार्थ्याला इथं येऊन चार वर्षं झालेली, तेवढं मराठी त्याला कळतं. तो हळूच म्हणाला, "भाईसाब, मेरा नाम है," आणि नाव सांगितलं. मालक हसला, पोरगंही हसलं, आणि कागद मशीनमध्ये गेले. हा अपमान होता, असं मी लिहिलं होतं.

त्यावर तुमचं म्हणणं असं: हबशी हा देशवाचक शब्द आहे, हबश देशाचा तो हबशी, जसा लातूरचा तो लातूरकर. मलिक अंबरला इतिहासाची सगळी साधनं हबशीच म्हणतात. दुकानदाराच्या मनात पाप नव्हतं. उद्या मराठवाड्याच्या माणसाला मराठवाडी म्हणायलाही तुम्ही बंदी घालाल.

पहिल्या मुद्द्यावर तुम्ही बरोबर आहात, आणि मला वाटतं तिथंच तुमची बाजू कोसळते. हबश म्हणजे ॲबिसिनिया, आजचा इथिओपिया आणि त्याला लागून एरिट्रिया. आणि तो विद्यार्थी सुदानचा आहे. त्याचं गाव, त्याचा देश, त्याची भाषा दुकानदाराला ठाऊक नव्हती आणि चार वर्षांत त्यानं ती विचारलीही नव्हती. मग ‘हबशी’ शब्दातून त्यानं कोणता देश सांगितला? त्यानं कातडीचा रंग पाहिला आणि हाताशी होता तो शब्द वापरला. आपल्यापैकी कुणाला परमुलखात ‘मद्रासी’ म्हटलं तर आपण लगेच नकाशा काढून बसतो. त्या मुलानं नकाशासुद्धा काढला नाही, फक्त नाव सांगितलं.

आता मलिक अंबर. त्याचं उदाहरण तुम्हीच काढलंत म्हणून बरं वाटलं, कारण या शहरात राहून त्याच्याविषयी बोलायचं राहूनच जातं. सोळाव्या शतकाच्या मध्याला इथिओपियात जन्मलेलं हे पोर, आईबापांनी ठेवलेलं नाव चापू. गुलाम म्हणून बाजाराबाजारांतून विकलं गेलं, आणि ‘अंबर’ हे नाव त्याला मालकानं दिलं. अंबर हे सुगंधी द्रव्याचं नाव. म्हणजे ज्या नावानं आपण त्याला आदरानं ओळखतो, तेही त्याचं स्वतःचं नव्हतं. दख्खनेत त्याला विकत घेतलं ते अहमदनगरच्या निजामशाहीचा पेशवा चंगेजखानानं, आणि तो चंगेजखान स्वतः हबशी होता, एकेकाळचा गुलाम. त्याच चापूनं पुढं बुडती निजामशाही सावरली, १६१० मध्ये खडकी वसवली, आणि जमिनीखालून नहर खणून शहराला पाणी दिलं. आपलं शहर उभं आहे ते त्या खडकीवर.

सर, दख्खनी आणि आफाकी हे निजामशाहीतले दोन गट तुम्ही वर्गात शिकवले असतील. आफाकी म्हणजे परदेशी: इराणातून, मध्य आशियातून आलेले गोरे सरदार. आणि हबशी कुठल्या बाजूला होते? दख्खनींच्या. समुद्रापलीकडून आलेला काळा माणूस इथला मानला गेला आणि इराणातून आलेला गोरा परका ठरला. त्या काळच्या दख्खनेत ‘हबशी’ म्हटलं की त्यापुढं सरदार, वजीर, किल्लेदार असं काहीतरी येऊ शकत होतं. त्या शब्दाभोवती एक अख्खा दरबार होता. झेरॉक्सच्या दुकानात त्या शब्दाभोवती काय होतं?

पण त्या काळीही हा शब्द निष्पाप होता असं मी मानत नाही. मोगल बादशहा जहांगीराला अंबर कायमचा नमवता आला नाही. त्याच्या आत्मचरित्रात अंबरचा उल्लेख येतो तो काळ्या तोंडाचा, काळ्या नशिबाचा अशा विशेषणांनी. १६१६ च्या सुमारास अबुल हसन या चित्रकारानं जहांगीरासाठी एक चित्र काढलं. भाल्यावर अंबरचं कापलेलं मुंडकं आहे आणि बादशहा त्यावर बाण सोडतोय. अंबर तेव्हा चांगला जिवंत होता. पुढं १६२४ ला भातवडीला त्यानं मोगल आणि आदिलशाही फौजांना एकदमच धूळ चारली. तलवारीनं जे साधलं नाही ते रंगानं आणि शब्दानं साधायचा तो खटाटोप होता.

आणखी एक गोष्ट मला जास्त खुपते. १६२६ मध्ये अंबर वारला तेव्हा मोगलांच्याच दरबारी इतिहासकार मोतमदखानानं त्याची मोकळ्या मनानं स्तुती केली: युद्धात, सैन्याच्या नेतृत्वात, कारभारात त्याला तोड नव्हती. आणि शेवटी काय लिहिलं, तर हबशी गुलाम एवढ्या योग्यतेला पोचल्याचं दुसरं उदाहरण इतिहासात नाही. स्तुती करताना मत्सर नाही, द्वेष नाही, तुम्ही म्हणता तसं मनात पापही नाही. तरी सगळं कर्तृत्व सांगून झाल्यावर माणूस पुन्हा ‘हबशी गुलाम’ या खान्यात नेऊन ठेवला. हेतू चांगला असूनही हे घडतं, म्हणून ‘दुकानदाराच्या मनात काही नव्हतं’ या वाक्यानं माझं समाधान होत नाही.

लातूरकरचं उदाहरण तुम्ही दिलंत. मी लातूर जिल्ह्यातली आहे आणि हे माझ्या अंगावरून गेलंय, म्हणून सांगते. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आलं. मी तेव्हा पुण्यात नोकरीला होते. त्या आठवड्यापासून ऑफिसात माझं नाव ‘लातूर’ पडलं. "ए लातूर, अंघोळ झाली का?" डबा खाताना मी दुसऱ्यांदा ग्लास भरला की कुणीतरी म्हणायचं, "जपून गं, तिकडं गाडी लागेल." म्हणणारी माणसं वाईट नव्हती. आजारपणात त्यांनीच मला दवाखान्यात नेलं होतं. पण गावाकडं माझी आई पहाटे तीनला टँकरच्या रांगेत घागर लावत होती, आणि इथं माझ्या गावाचं नाव घेऊन लोक हसत होते. मी लातूरची आहे हे मी स्वतः दिवसातून चारदा सांगते, अभिमानानं सांगते. तोच शब्द त्यांच्या तोंडून आला की मी मान खाली घालायचे. शब्दात एका अक्षराचाही फरक नव्हता. मी सांगायचे तेव्हा ती ओळख असायची. ते म्हणायचे तेव्हा माझं नाव, माझं काम, माझं शिक्षण सगळं पुसून फक्त कोरडी घागर उरायची.

आडनावातला ‘कर’ माणूस स्वतः दारावरच्या पाटीवर लिहितो, सर. रस्त्यावरच्या कुणीतरी तो खडूनं येऊन लिहिलेला नसतो.

आणि हे फक्त परदेशी मुलाचं किंवा माझं गाऱ्हाणं नाही. आमच्या गावाबाहेर फासेपारध्यांची पालं होती. लहानपणी आम्ही झोपलो नाही की आजी म्हणायची, "झोप, नायतर पारधी येईल." आजी अत्यंत मायाळू बाई. दारी आलेल्या पारधिणीला भाकरी द्यायची, तिच्या लेकराच्या डोक्यावरून हात फिरवायची. आणि रात्री त्याच माणसांच्या नावानं आम्हाला भेडसवायची. गावात चोरी झाली की पंचनाम्याच्या आधी गाडी पालांकडं जायची. इंग्रजांनी १८७१ मध्ये कायदा करून अख्ख्या जमातींना जन्मानं गुन्हेगार ठरवलं. मराठवाडा तेव्हा हैदराबादच्या निजामाच्या मुलखात होता, पण शिक्का काही हद्दीवर अडला नाही. ३१ ऑगस्ट १९५२ ला त्या जमाती कायद्यानं विमुक्त झाल्या. आजीचं वाक्य मी ऐकलं ते त्यानंतर जवळजवळ चाळीस वर्षांनी. माझ्या वर्गात त्या पालावरची एक मुलगी होती. कुणाचीही पाटी हरवली तरी विचारणा तिच्याकडंच व्हायची, आणि मी कधी तिच्या बाजूनं बोलले नाही. ती तिसरीनंतर शाळेत आली नाही.

पारधी हा शब्द वाईट आहे का? मुळीच नाही. जातीच्या दाखल्यावर उपविभागीय अधिकारी तो लिहून खाली सही करतो, त्यावर शिष्यवृत्ती मिळते, ती मिळायलाच हवी. पण अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला चारचौघांत जातीचं नाव घेऊन शिवीगाळ केली तर १९८९ च्या ॲट्रॉसिटी कायद्यानं तो गुन्हा आहे. एकच शब्द दाखल्यावर हक्क होतो आणि चौकात शिवी. व्युत्पत्ती दोन्हीकडं तीच असते. म्हणून, सर, शब्दाचं मूळ कोशात शोधून हा वाद मिटणार नाही, असं मला वाटतं.

पुस्तकातून ‘हबशी’ काढा, असं मी कुठंही लिहिलेलं नाही. अंबरचा इतिहास त्या शब्दाशिवाय लिहिताच येणार नाही. काढला तर खडकी कुणी वसवली हेच लोक विसरतील. बंदीची भाषाही मी केली नाही. तुम्ही विचारलंत, "मग त्या पोराला म्हणायचं तरी काय?" त्यानं ते त्याच दिवशी, तिथंच, सगळ्यांसमोर सांगितलं होतं.

मागच्या आठवड्यात त्याच दुकानात पुन्हा गेले होते. त्याच्या प्रबंधाचा गठ्ठा बाइंडिंगसाठी बांधून ठेवला होता आणि वर चिठ्ठीवर मालकानं त्याचं नाव देवनागरीत लिहिलं होतं. एक वेलांटी चुकलेली. तीवर निळ्या शाईनं दुरुस्ती होती, मालक म्हणाला, "त्यानंच करून दिली."