नेमक्या कोणत्या आजोबांचं ताट?

मागच्या आठवड्यात मामांनी घरच्या ग्रुपवर एक मेसेज टाकला. त्यानंतर तोच मेसेज मला आणखी तीन ठिकाणांहून आला. त्याचं म्हणणं असं: भारतीय माणूस हजारो वर्षं एकच जेवण जेवत होता, पोळी, भाजी, वरण, भात. १९९१ नंतर परदेशी कंपन्या आल्या, बायकांनी स्वयंपाक सोडला आणि घरोघरी शुगर शिरली. आजोबांच्या काळी आजार नव्हते, म्हणून उपाय एकच, आजोबा खायचे ते खा.

मामांना स्वतःला शुगर आहे. त्यांची काळजी खरी आहे, म्हणूनच या मेसेजकडे दुर्लक्ष करवत नाही. निदान चुकलं की औषधही चुकतं.

“हजारो वर्षं एकच जेवण.” नागपूरकरांनी आधी आपल्या तर्री-पोह्यांकडे बघावं. लाल मिरची अमेरिका खंडातली. पोर्तुगीज आले तेव्हा, म्हणजे सोळाव्या शतकात, ती आपल्याकडे पोचली. त्याआधी तिखटपणा मिरी, पिंपळी आणि आल्याचा होता. आज भिवापुरी मिरचीला भौगोलिक मानांकन आहे, इतकी ती आपली झाली. आलू, टमाटर, फल्ली (शेंगदाणे), मका हे सगळं त्याच वाटेनं आलेलं. उपासाला आपण साबुदाण्याच्या खिचडीत फल्लीचा कूट आणि आलू घालतो. यातलं काहीच पाचशे वर्षांपूर्वी या मुलखात नव्हतं. सकाळच्या चहाचंही तेच. १९०३ साली चहाच्या निर्यातीवर उपकर बसवून त्या पैशातून प्रचार सुरू झाला. पहिल्या महायुद्धाच्या काळात कारखान्यांत चहाची सुट्टी रुजवली गेली. आमच्या पणजीच्या पिढीपर्यंत खेड्यात चहा ही पाहुण्यांपुरती गोष्ट होती.

“१९९१ नंतर बिघडलं.” डालडा १९३७ पासून विकला जातोय. दोन मिनिटांच्या नूडल्स १९८३ मध्ये आल्या. कोका-कोला तर १९७७ मध्ये देश सोडून गेली, म्हणजे त्याआधी ती इथे होतीच. या मुद्द्यावर जास्त वेळ घालवायला नको.

मला थांबायचंय ते पोळीपाशी. मेसेजमध्ये पोळी पहिल्या जागेवर आहे, आणि खरा इतिहास तिथेच दडलाय. मी मामांनाच विचारलं, तुमच्या लहानपणी पोळी कधी व्हायची? ते म्हणाले, पोळा सणाला पुरणाची आणि दिवाळीत. एरवी चून-भाकर, आंबाडीची भाजी, जवसाची चटणी. काटोलकडच्या बहुतेक घरांत असंच होतं. पूर्वेला भंडारा-गोंदियाकडे भात, पश्चिमेला वऱ्हाडात ज्वारी, आणि नागपूर या दोन्हींच्या सीमेवर. गहू सणाचा.

मग गहू रोजचा कसा झाला? कुणी जाहिरात बघून भाकर सोडली नाही. १९५६ पासून अमेरिकेच्या पीएल-४८० या धान्यमदतीच्या कायद्याखाली गहू येऊ लागला. १९६६ या एका वर्षात देशानं सुमारे १ कोटी टन धान्य आयात केलं. त्यानंतर हरितक्रांती. १९६४-६५ मध्ये गव्हाचं उत्पादन सुमारे १.२ कोटी टन होतं, १९७०-७१ मध्ये ते जवळपास दुप्पट झालं आणि आता ११ कोटी टनांच्या वर आहे. सरकारनं हमीभावानं खरेदी केली ती मुख्यतः गहू आणि तांदळाची, आणि रेशनमध्येही तेच आलं. जे स्वस्त आणि हमखास मिळतं, ते गरिबाच्या चुलीवर चढतं.

आता शेताकडे बघू. साठच्या दशकात देशात ज्वारी सुमारे १.८ कोटी हेक्टरवर होती, आज ती ४० लाखांच्या आसपास आहे. विदर्भात तिची जागा ऐंशी-नव्वदच्या दशकांत सोयाबीननं घेतली. शेतकऱ्याला त्यासाठी दोष देता येत नाही. खरिपाची ज्वारी कापणीच्या वेळी पावसात सापडली की दाणा काळा पडतो. पाखरं राखायची, रानडुकरं हाकलायची, कणसं खुडायची. सोयाबीन शंभरेक दिवसांत निघतं आणि मागून हरभरा घेता येतो. पण सोयाबीन आपल्या ताटात दाणा म्हणून येत नाही. ते गिरणीत जातं, तेल पिंपात आणि पेंड कोंबड्यांच्या खाद्यात. जवसाचं आणि फल्लीचं तेल मागे पडलं, ब्रॉयलर कोंबडी रोजची झाली. ताट शेतात बदललं. स्वयंपाकघराला ते नंतर कळलं.

“बायकांनी स्वयंपाक सोडला.” या वाक्याचा मला राग आहे. माझी आजी पहाटे चारला जात्यावर बसायची. ज्वारीचं पीठ लवकर कडवट होतं, म्हणून दर दोन-तीन दिवसांनी दळण. मग चुलीच्या धुरात दहा माणसांच्या भाकरी. ते सुख होतं असं ती कधीच म्हणाली नाही. तिचे डोळे आणि खांदे काय ते सांगत होते. चक्की आली, गॅस आला, बाई नोकरीला लागली. भाकर डब्यात दुपारपर्यंत कडक होते, पोळी मऊ राहते. आठ वाजता तीन डबे भरून साडेनऊची बस पकडणारी बाई पोळीच करणार. यात आळस कुठे आहे?

“आजोबांच्या काळी आजार नव्हते.” स्वातंत्र्याच्या सुमारास देशातलं सरासरी आयुर्मान ३२ वर्षांच्या आसपास होतं. बालमृत्यूंमुळे ही सरासरी खाली येते हे खरं, पण ती मुलंही कुणाच्या तरी घरचीच होती. मधुमेहाचं वर्णन चरक-सुश्रुतांच्या ग्रंथांतही आहे. आणि आजोबांच्या ताटातलं सगळंच चांगलं नव्हतं. मध्य भारतात दुष्काळात लाखोळीच्या डाळीवरच महिनोन्‌महिने काढलेल्या मजुरांचे पाय कायमचे लुळे पडले. १९६१ मध्ये तिच्या विक्रीवर बंदी आली. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रानं रेशनची लाल मिलो (आयात केलेली ज्वारी) आणि सुकडी (मदत म्हणून वाटलेलं कोरडं खाणं) खाल्ली. तीही आजोबांचीच थाळी.

मेसेजमधली एक गोष्ट मात्र मी मान्य करते: आजचं खाणं बिघडलंय. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेच्या अभ्यासानुसार देशात १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे. २०२२-२३ च्या सरकारी पाहणीत ग्रामीण घराच्या खर्चात धान्याचा वाटा ४.९१ टक्के होता, १९९९-२००० मध्ये तो २२.२३ होता. पेयं आणि तयार खाण्यावर मात्र त्याच पाहणीत खेड्यातही ९.६२ टक्के गेले, म्हणजे धान्याच्या जवळपास दुप्पट. बिस्किटाचा पुडा पाच रुपयांत प्रत्येक टपरीवर आहे. ज्वारी आमच्या किराणा दुकानात गव्हापेक्षा महाग आहे.

मामांनी आता पुन्हा भाकर सुरू केली आहे, आणि मला त्याचा आनंदच आहे. त्यांना पेन्शन आहे, मामी घरी आहेत, त्यांना ते जमतं. त्यांच्याकडे धुणंभांडी करणाऱ्या ताईंनाही शुगर आहे. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यात गहू-तांदळाच्या जोडीला भरड धान्याचं नाव आहे, दर तेव्हा किलोला १ रुपया असा लिहिलेला होता. ताई रेशनच्या रांगेत उभ्या राहतात आणि बहुतेक महिने गहू-तांदूळच घेऊन येतात. मामांनी पुढचा मेसेज त्या रांगेबद्दल लिहावा, मी तो सगळ्या ग्रुपांवर पाठवीन.