गजकर्ण, सलून आणि एक फॉरवर्ड

‘सलूनमध्ये जाताय? सावधान!’ अशा मथळ्याचा एक मेसेज घरोघरच्या ग्रुपवर फिरतोय. गजकर्ण, चाई आणि कोंडा हे तिन्ही सलूनमधूनच लागतात, ब्लेड नवं घ्यायला लावलं आणि वरून तुरटी फिरवली की काळजी मिटली, तरीही चट्टा उठला तर मेडिकलमधून ‘सगळ्यावर चालणारं’ मलम आणा, असं त्याचं म्हणणं. भीती अगदीच बिनबुडाची नाही. उपाय मात्र घातक आहे.

चाई आणि कोंडा आधी बाजूला काढू. चाईत, म्हणजे गोल चकत्यांनी केस जाण्यात, शरीराची प्रतिकारशक्तीच केसांच्या मुळांवर उलटते. ती कुणाकडून कुणाला लागत नाही. कोंड्याशी संबंध असलेली मॅलासेझिया ही बुरशी तर आपल्या सगळ्यांच्याच डोक्यावर मुक्कामाला असते.

आता ब्लेड. नवं हवंच, पण ते मुख्यतः हिपॅटायटिस बीसारख्या रक्तातून पसरणाऱ्या आजारांसाठी. गजकर्णाची बुरशी केराटिनवर जगते, म्हणजे त्वचेच्या वरच्या थरावर, केसांत, नखांत. तिचे बीजाणू गळालेल्या केसांत आणि सुटलेल्या पापुद्र्यांत महिनोन्‌महिने तग धरतात. तेव्हा नजर ठेवायची ती ट्रिमरवर. गिऱ्हाईक बदलतं, ट्रिमरचं पातं बदलत नाही, आणि दातांत आधीच्याचे केस अडकलेले असतात. झिरो मशीन कातडीला घासून फिरते, बारीक ओरखडे उठतात, बुरशीला वाट मिळते. स्पेनमधल्या त्वचातज्ज्ञांनी अलीकडे किशोरवयीन मुलांत डोक्याच्या गजकर्णाच्या साथी नोंदवल्या. त्यातल्या बहुतेकांनी सलूनमध्ये फेड कट, म्हणजे बाजूचे केस मशीनने खाली खाली अगदी बारीक करत नेणारा कट, केलेला होता. पातं ब्रशने साफ केल्याशिवाय वरवर जंतुनाशक मारून भागत नाही, कारण केसांखाली ते पोचतच नाही. मानेभोवतीचं कापड आणि टॉवेल यांचीही तीच गत.

तुरटीने रक्त थांबतं. बुरशी मारण्यासाठी तिच्यावर भरवसा ठेवू नये, त्यातून तो एकच खडा सगळ्यांच्या गालांवरून फिरलेला असतो.

‘सलूनमधूनच’ हा शब्द तर सपशेल खोटा. आपल्याकडे गेल्या दशकभरात चिवट झालेलं गजकर्ण बहुतेक जांघेत, मांड्यांवर, कमरेला दिसतं. तिथली हजामत करायला कोण सलूनमध्ये जातं? घरातला एकच टॉवेल, एकच अंथरूण, घामाने भिजलेले घट्ट कपडे, हे रस्ते जास्त वापरातले. या चिवट बुरशीला २०२० मध्ये ट्रायकोफायटॉन इंडोटिनी असं नाव मिळालं. तिच्या अनेक वाणांवर टर्बिनाफिन हे नेहमीचं औषध चालत नाही.

आणि हा चिवटपणा वाढायला हातभार लावल्याचा संशय ज्याच्यावर आहे, तेच मलम मेसेज सुचवतो. त्या ट्यूबमध्ये बहुधा क्लोबेटासोलसारखं जहाल स्टेरॉइड, एखादं अँटिबायोटिक आणि बुरशीचं औषध एकत्र असतं. स्टेरॉइडने खाज दोन दिवसांत थांबते, लाली उतरते, माणूस खूश. आत बुरशी पसरत राहते आणि चट्ट्याची कडा पुसट झाल्याने डॉक्टरलाही ओळखणं अवघड जातं. जांघेतली कातडी पातळ होऊन कायमचे व्रण पडतात ते वेगळंच. सरकारने २०१८ मध्ये अशी अनेक स्टेरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली, तरी ती काउंटरवर सहज मिळतात.

डोक्यातल्या किंवा दाढीतल्या गजकर्णाला तर नुसतं मलम पुरतच नाही, कारण ते केसाच्या मुळापर्यंत जात नाही. डॉक्टरांच्या सल्ल्याने गोळ्याच घ्याव्या लागतात. तोवर त्या जागेवर मशीन फिरवू देऊ नका. पुढचं गिऱ्हाईक त्याच खुर्चीत बसणार असतं.